काटा खाली आला तेव्हा

तापमानाचा काटा वर चढू लागला तेव्हा मी घाबरले होते, हे खरे आहे. पण तोच काटा एकाएकी खाली आला तेव्हा मला हायसे वाटले, आणि माझी खरी चूक त्या क्षणी झाली. मे महिन्यातली दुपार होती. चिपळूणजवळच्या आमच्या गावाहून मी आईला मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी कराडला नेत होते. पोफळी मागे पडली होती, कुंभार्ली घाटाची चढण सुरू होऊन बराच वेळ झाला होता, पुढे चिऱ्यांनी भरलेला एक ट्रक संथपणे चढत होता आणि त्याच्या मागे मी दुसऱ्या गिअरमध्ये, एसी चालू ठेवून, गाडी रेटत होते. एरवी पावाच्याही खाली राहणारा काटा मध्यावर आला, मध्य ओलांडून लाल रेषेकडे सरकला, आणि मी गाडी थांबवायला जागा शोधत असतानाच झटकन खाली उतरला. मी आईला म्हटले, "बरे झाले, थंड झाली." पुढच्या वळणावर बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली आणि गाडीने दम तोडला.

ती गाडी घेऊन तेव्हा एकोणीस दिवस झाले होते.

गाडी मी साताऱ्याच्या एका निवृत्त गृहस्थांकडून घेतली होती. आठ वर्षे जुनी, पेट्रोलवर चालणारी लहान गाडी, एकसष्ट हजार किलोमीटर चाललेली, किंमत २ लाख ८५ हजार रुपये. ओळखीतून ओळख निघाली होती. त्यांच्या घरी गेले तेव्हा पोहे झाले, चहा झाला, त्यांच्या पत्नीने निघताना गाडीला हळदकुंकू वाहिले आणि बॉनेटवरून असा हात फिरवला, की जणू त्या मुलीची पाठवणी करीत होत्या. अशा घरात बसून "इंजिनचे कधी काम काढले होते का? बिले दाखवता का? मी माझा मिस्त्री आणून गाडी तपासू का?" असे विचारणे मला जमले नाही. आपल्याकडे भिडेला भिकेची बहीण म्हणतात. ही म्हण मी शाळेपासून ऐकत आले आहे, आणि तरीही त्या दिवाणखान्यात ती मला आठवली नाही. उलट सभ्य माणसाला प्रश्न विचारणे म्हणजे त्याच्या सभ्यतेवर संशय घेणे, असेच मला वाटत राहिले.

फेरी मारायला गाडी घेतली तेव्हा दोन गोष्टी माझ्या लक्षात आल्या होत्या, आणि दोन्हींचा अर्थ मी उलटा लावला. किल्ली फिरवताच पुढचा, इंजिनचे पाणी थंड करणाऱ्या रेडिएटरचा फॅन सुरू झाला आणि गाडी बंद करेपर्यंत फिरत राहिला. मला वाटले, फॅन दणकट दिसतो. दुसरे म्हणजे, शहरातून पाऊण तास हिंडूनही तापमानाचा काटा खालच्याच बाजूला राहिला. गाडी विकणारे काका कौतुकाने म्हणाले, "अहो, ही गाडी कधी तापतच नाही." मी मान डोलावली. तापू न देणे आणि न तापणे यांत काय फरक असतो, हे कळायला मला घाट चढावा लागला.

वळणावर गाडी थांबली तेव्हा पुढचा ट्रकही थांबला. चालक उतरून आला आणि त्याने काही विचारण्याआधी आपल्या ट्रकमधला एक जांभा चिरा आणून माझ्या मागच्या चाकाला लावला. मी बॉनेट उघडून, हाताला रुमाल गुंडाळून, रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेत होते. तो जवळजवळ ओरडला: "ताई, झाकणाला हात लावू नका!" त्या एका वाक्याचे माझ्यावर केवढे उपकार आहेत, ते मला पुढे समजले. रेडिएटरचे झाकण साधे बूच नसते. ते आतले पाणी दाबाखाली धरून ठेवते. उघड्या भांड्यातले पाणी १०० अंशांना उकळते, पण त्या झाकणाच्या दाबाखाली आणि त्यात कूलंट हे रासायनिक द्रव मिसळलेले असल्यास ते १२० अंशांच्या आसपासही द्रवरूपात राहू शकते. अशा वेळी झाकण उघडले, की दाब क्षणात नाहीसा होतो, पाण्याची त्याच क्षणी वाफ होते आणि ती उघडणाऱ्याच्या तोंडावर येते. गाडी तापल्यावर एसी बंद करावा, आतला हीटर पूर्ण सोडावा, म्हणजे इंजिनची थोडी उष्णता आत ओढली जाते. सुरक्षित जागा मिळताच इंजिन बंद करावे. निदान अर्धा-पाऊण तास काही करू नये. आणि थंडगार पाणी तापलेल्या इंजिनात ओतू नये, कारण एकाएकी आकसल्याने धातूला तडा जाऊ शकतो. हे सारे मला आज पाठ आहे. त्या दिवशी यांतले एकही मला ठाऊक नव्हते.

आई रस्त्याच्या कडेच्या कठड्यावर, पदर डोक्यावर घेऊन, पाऊण तास बसली होती. तिला धूसर दिसत होते. वळणावरून येणारी वाहने तिला नुसत्या आवाजाने कळत होती आणि प्रत्येक मोठ्या आवाजाला ती माझा हात धरत होती. ती तक्रार म्हणून एक शब्द बोलली नाही. "आपण बसने गेलो असतो तरी चाललं असतं गं," एवढेच म्हणाली, आणि ते वाक्य माझ्या मनात अजून रुतून आहे, कारण तिला बसचे धक्के बसू नयेत म्हणूनच मी गाडी घेतली होती. शेवटी चालकाने मोबाइलला रेंज मिळेल अशा ठिकाणी जाऊन एका पिकअपवाल्याला बोलावले. आईला मागून आलेल्या एका कुटुंबाने कराडपर्यंत आपल्या गाडीत घेतले, आणि मी घाटमाथा, हेळवाक, कोयनानगर, पाटण अशी वाट टोचन केलेल्या गाडीचे स्टिअरिंग धरून, पुढच्या दोरावर नजर ठेवून काढली. इंजिन बंद असले, की ब्रेक दगडासारखा लागतो आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढावे लागते. एरवी अडीच-तीन तासांत होणारा प्रवास त्या दिवशी रात्रीपर्यंत चालला.

कराडच्या मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पाहिली. मला त्यांची काम करण्याची रीत पाहत राहावीशी वाटली, म्हणून मी बँकेतून रजा घेऊन तिथे बसून होते. त्यांनी आधी ऑइल भरायचे झाकण काढून मला दाखवले: आतल्या बाजूला साय धरावी तसा पिवळसर पांढरा थर होता. मग ऑइलची पट्टी ओढली. ऑइल चहात दूध घातल्यासारखे झाले होते. "पाणी ऑइलमध्ये गेलंय," ते म्हणाले. रेडिएटर पाण्याने भरून, झाकण न लावता, त्यांनी इंजिन काही क्षण चालवले, तर रेडिएटरच्या तोंडाशी एकामागून एक बुडबुडे येऊ लागले. ते बुडबुडे म्हणजे सिलिंडरमध्ये जळालेल्या पेट्रोलचा वायू होता. "हेड गॅस्केट उडालंय, ताई. हेड उतरवावं लागेल."

इंजिनचा खालचा भाग म्हणजे ब्लॉक आणि वरचा भाग म्हणजे हेड. या दोहोंच्या मध्ये पातळ पत्र्यासारखे एक गॅस्केट असते. त्याच्या एका भोकातून पेट्रोलचा स्फोट होतो, शेजारच्या भोकातून पाणी वाहते, तिसऱ्यातून ऑइल जाते, आणि या तिघांना एकमेकांपासून वेगळे ठेवणे एवढेच त्या पत्र्याचे काम असते. माझ्या गाडीचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे आहे. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते; ठरलेल्या मर्यादेत हे चालून जाते, पण इंजिन फार तापले, की हेड वाकते, गॅस्केटची पकड सुटते आणि स्फोटाचा वायू पाण्यात शिरतो. तो वायू पाण्याला बाहेर ढकलतो, पाणी कमी झाले की इंजिन आणखी तापते, आणि तापले की हेड आणखी वाकते. काटा एकाएकी खाली का आला होता, तेही मिस्त्रींनी मला समजावले. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो, तोवरच खरे सांगतो. पाणी संपले, सेन्सर उघडा पडला, आणि मोजायला समोर काही उरले नाही म्हणून काटा उतरला. त्या वेळी इंजिन आधीपेक्षा जास्त तापलेले होते.

पण हे सारे माझ्या हातून एका दुपारी झाले असेल, असे मिस्त्रींना वाटत नव्हते. त्यांनी थर्मोस्टॅटचे घर उघडले. आत काहीच नव्हते.

थर्मोस्टॅट म्हणजे मेणाच्या विस्तारावर चालणारी एक छोटी झडप. इंजिन थंड असताना ती बंद राहते आणि पाणी इंजिनातच फिरवते; पाणी ८२ अंशांच्या आसपास तापले, की मेण वितळून फुगते, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जाऊ लागते. इंजिनला त्याच्या योग्य तापमानाला लवकर आणणे आणि तिथे ठेवणे हे तिचे काम. ती काढून टाकली, की पाणी सदासर्वकाळ रेडिएटरमधून वाहते आणि सपाट रस्त्यावर इंजिन कधी नीट गरमच होत नाही. त्याच्या जोडीला फॅनची तार तापमानाच्या स्विचवरून काढून सरळ किल्लीच्या करंटला जोडलेली होती. गॅरेजच्या भाषेत याला "फॅन डायरेक्ट केला" म्हणतात. हे दोन उपाय आपल्याकडे फार जुने आणि फार प्रचलित आहेत. त्यांनी आजार बरा होत नाही. ताप दिसत नाही एवढेच. चढ नसेल, अंतर थोडे असेल, तर अशी गाडी महिनोन्महिने निभावते. इंजिन थंड आहे असे समजून संगणक जास्त पेट्रोल सोडत राहतो, म्हणून माझी गाडी लिटरला जेमतेम अकरा किलोमीटर देत होती, आणि मी तो दोष माझ्या चालवण्याला देत होते.

रेडिएटरमधून निघालेले पाणी विटकरी रंगाचे होते. कूलंट हे थंड प्रदेशासाठी असते, आपल्याकडे पाणी गोठत नाही, म्हणून साधे पाणी पुरे, ही समजूत मी अनेकांकडून ऐकली आहे आणि ती महागात पडणारी आहे. कूलंटमधली गंजरोधक द्रव्ये धातूला आतून सांभाळतात, आणि त्यातल्या ग्लायकॉलमुळे पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो. बोअरच्या जड पाण्याने मात्र आत क्षारांचे थर बसतात आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजतात. (एक गोष्ट इथेच सांगायला हवी: इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि अतिशय विषारी असते, सांडलेले कूलंट लहान मुले आणि पाळीव जनावरे यांच्यापासून दूर ठेवावे, तसेच ते उघड्या गटारात ओतू नये.)

हेड उतरवून मिस्त्रींनी त्यावर पोलादी सरळपट्टी ठेवली आणि खालून पातळ पात्यांचे गेज सरकवून पाहिले. त्यांच्या हिशेबाने ०.०५ मिलिमीटरपर्यंतचा बाक चालला असता, इथे ०.१२ निघाला. आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या या फरकावर सगळे काम अडले होते. हेड लेथवाल्याकडे फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, गेले. नवीन गॅस्केट, हेडचे नवीन बोल्ट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, रेडिएटर, फॅनचा स्विच, दोन वेळा बदललेले ऑइल, कूलंट आणि मजुरी मिळून २६,८०० रुपये झाले. बोल्ट नवे कशाला, असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, की हे बोल्ट आवळताना मुद्दाम ताणले जातात आणि एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तसाच ताण धरेल याची खात्री नसते. ते त्यांनी मधून बाहेरच्या बाजूला, ठरलेल्या क्रमाने, तीन टप्प्यांत, जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्याने आवळले; प्रत्येक टप्प्यानंतर ते थांबत होते आणि मोठ्याने क्रमांक म्हणत होते. थर्मोस्टॅट काढला गेला त्या वेळी गॅरेजमध्ये असेच कोणी थांबून काम केले असते, तर आई त्या कठड्यावर बसली नसती, हा विचार माझ्या डोक्यातून जात नव्हता.

पैशांचे काय, हा प्रश्न उरलाच. विमा कामाचा नव्हता; अपघात, चोरी, आग यांसाठी असलेली पॉलिसी यंत्रातला बिघाड भरून देत नाही. माझी एक वकील मैत्रीण आहे. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि मला फारशी आशा दाखवली नाही. १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणे मालाच्या दर्जाची हमी सर्वसाधारणपणे गृहीत धरली जात नाही. त्या मालाचाच व्यवहार करणाऱ्याकडून वर्णनानुसार घेतले असेल, तर गोष्ट वेगळी. ग्राहक कायदाही व्यापार करणाऱ्याविरुद्ध उपयोगी पडतो. स्वतःची वापरलेली गाडी एकदाच विकणाऱ्या गृहस्थांना त्यात ओढणे कठीण. राहिला १८७२ चा करार कायदा: जाणूनबुजून वस्तुस्थिती लपवणे ही त्यात फसवणूक आहे, परंतु नुसते गप्प राहणे एरवी फसवणूक ठरत नाही, आणि साधी काळजी घेऊन खरे शोधता आले असते, तर गप्प राहण्याबद्दलची तक्रारही टिकत नाही. "तू मिस्त्री नेला होतास का?" तिने विचारले. मी नाही म्हटले. एका गोष्टीची मात्र तिने मला घाई करायला लावली: मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० सह्या होऊन माझ्याकडेच पडून होते, ते त्याच आठवड्यात तिने परिवहन कार्यालयात भरायला लावले. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवायचे असते, आणि नोंद बदलेपर्यंत अपघाताची जबाबदारी कागदावरच्या मालकाकडे जाऊ शकते. माझ्या ढिलाईमुळे तो धोका इतके दिवस काकांच्या डोक्यावर होता. मी त्यांच्या मौनावर रागावले असताना हे मला ऐकावे लागले, आणि ते खरे होते.

मग मी काकांना फोन केला. भांडायचे नाही, असे ठरवले होते. "काका, गाडीचे हेड उतरवावे लागले. आत थर्मोस्टॅट नव्हता. तुमच्याकडे जुनी बिले असली, तर मला पाठवाल का? पुढे मिस्त्रींना उपयोग होईल." ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "एकदा तापली होती. मिस्त्रीने करून दिली. नंतर तक्रार नव्हती. बघतो, कागद सापडले तर." चार दिवसांनी कुरिअरने एक प्लास्टिकची फाइल आली. सगळी बिले तारखेच्या क्रमाने लावलेली होती. टायरचे, बॅटरीचे, काचेच्या वायपरचेसुद्धा. त्यांत दोन वर्षांपूर्वीचे एक बिल होते: "थर्मो. काढला, फॅन डायरेक्ट, ८५० रु." त्याच्या मागे टाचणीने लावलेला, त्याच आठवड्यातला, दुसऱ्या गॅरेजचा अंदाजपत्रकाचा कागद होता: हेड गॅस्केट, फेसिंग, रेडिएटर, १९,००० रुपये.

म्हणजे त्यांना ठाऊक होते. हा कागद त्यांनी काढून ठेवला असता, तर मला कधीच कळले नसते. तो चुकून राहिला की मुद्दाम ठेवला, याचा मी दोन दिवस विचार करीत होते. तिसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. "तो कागद पाहिलात ना?" त्यांनी विचारले. "त्या वेळी नुकताच निवृत्त झालो होतो. एकोणीस हजार जिवावर आले. नंतर गाडी बाजार आणि देऊळ एवढीच जायची, तापायची नाही, मग मलाही ती बरी झाल्यासारखी वाटायला लागली. तुम्ही विचारलं असतंत, तर सांगितलं असतं." हे शेवटचे वाक्य मला अजून खरे वाटते आणि अजून बोचते. मी विचारायला भीड बाळगली, त्यांनी सांगायला संकोच केला, आणि त्या दोन्हींना आम्ही सभ्यपणा समजत होतो. त्यांनी दहा हजार रुपये पाठवले. मी ते घेतले. राग संपला, असे मी म्हणू शकत नाही. त्यांनी आईविषयी विचारले, शस्त्रक्रिया नीट झाली का म्हणून, तेव्हा मला उत्तर द्यायला काही क्षण लागले.

शस्त्रक्रिया आठवडाभर लांबली होती, पण चांगली झाली. जुलैत आईला गावी सोडले आणि महिन्याभराने तपासणीसाठी पुन्हा आणायला गेले. घाटात धुके होते, डोंगरकड्यांवरून पाणी रस्त्यावर उतरत होते. चढण सुरू व्हायच्या आधी पोफळीला थांबून मी कूलंटची पातळी पाहिली. मिस्त्रींनी दिलेल्या वहीत तारीख आणि किलोमीटर लिहिले. काकांची फाइल त्याच वहीबरोबर डॅशबोर्डच्या खणात असते, त्या अंदाजपत्रकासकट. आई खिडकीतून बाहेर पाहत होती आणि पाट्या वाचून दाखवत होती. त्या वळणावर तिने कठडा ओळखला, पण मी थांबले नाही.

थांबले ती घाटमाथ्यावर. काटा बरोबर मध्यावर होता. इंजिन चालूच ठेवले, एसी बंद केला आणि काच खाली केली. फॅन फिरत होता. आईने विचारले, "कशाला थांबलीस?" मी तिला गप्प राहायला खुणावले. दीडएक मिनिट गेले असेल. मग पुढून खट् असा बारीक आवाज आला आणि फॅन आपोआप थांबला.